शिर्के काकींचा तांब्याचा गीझर

दार उघडणारा माणूस आधी माझ्या पिशवीकडे बघतो, मग बाथरूमकडे बोट करतो, आणि मी अजून चपलाही काढलेल्या नसताना विचारतो, "दुरुस्त होईल ना, मिस्त्री? की नवीनच घ्यावा लागेल?" एकतीस वर्षं मी हा एकच प्रश्न ऐकला. डॉक्टरला लोक निदान नाडी तरी बघू देतात. मला उंबऱ्यावरच निकाल द्यावा लागायचा.

मी रमाकांत भुवड. मूळचा संगमेश्वराकडचा, पण भाईंदर पूर्वेला इंद्रलोकमध्ये राहून आता इथलाच झालोय. गीझर दुरुस्त करणं हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी स्टुलावर चढायला नकार दिला आणि मी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली. या अंकासाठी लिहा म्हणणाऱ्यांना वाटलं असेल, मी गमतीजमती लिहीन. त्या आहेतच. आमच्या इंद्रलोकमधले एक गृहस्थ गीझर कधी बंदच करत नसत, कारण चालू-बंद केल्याने बटण झिजतं असं त्यांचं ठाम मत. काशीमीऱ्याच्या एका लॉजवाल्याने मेलेले तीन गीझर गच्चीवर झाकून ठेवले होते. तिघांचे अवयव मिळून एक धड गीझर होईल अशी त्याला आशा. एका आजोबांचा तर आग्रह होता की पाणी नीट तापतंय हे मी स्वतः तिथे अंघोळ करून सिद्ध करावं. पंचा त्यांनी काढूनही ठेवला होता.

पण कामाची आठवण काढली की मला आधी भीती आठवते. मी मुळात घाबरट माणूस. काम करून घरी आलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो की डोक्यात सुरू व्हायचं. अर्थिंगची वायर घट्ट केली का? पाणी भरल्याशिवाय बटण दाबू नका हे सांगितलं का? दोनदा तर ताटावरून उठून परत गेलोय. बायको म्हणायची, "तुम्ही गीझर दुरुस्त करून येता की तिथे जीव ठेवून येता?" मी हसायचो. मनात मात्र मला त्या भीतीचा अभिमान होता. जो घाबरतो तो चुकत नाही, अशी माझी समजूत होती.

ती समजूत जिथे मोडली त्या घराबद्दल आज लिहायचंय. आजवर हे मी फक्त बायकोला सांगितलंय.

आधी गीझर काय असतो ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बाहेरच्या माणसाला तो भिंतीवरचा डबा. डब्यात एक टाकी, टाकीत पाणी तापवणारी कॉइल. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडतो तो थर्मोस्टॅट. त्याचं डोकं फिरलं आणि वीज चालूच राहिली तर ती तोडायला आणखी एक कटआऊट. आणि हे दोघंही गप्प बसले, पाणी उकळत गेलं, तर आतला दाब बाहेर सोडायला टाकीखाली एक पितळी व्हॉल्व्ह, बोटभर तोंडाचा. पाणी तापलं की थोडं फुगतं, त्यामुळे चांगल्या गीझरच्या व्हॉल्व्हमधूनही तापताना चार थेंब पडतात. लोकांना वाटतं गीझर गळतोय. मी त्यांना सांगायचो, "पडू दे. तो श्वास घेतोय."

दुरुस्ती की नवीन, याचा शिकवण्यापुरता नियम सोपा आहे. टाकीच गळत असेल तर हात जोडायचे. कॉइल, थर्मोस्टॅट, वायर गेली असेल तर दुरुस्ती. पण आमच्याकडे नळाचं पाणी पुरत नाही म्हणून सोसायट्या बोअरचं पाणी मिसळतात, आणि ते पाणी गीझरला खातं. कॉइलवर चुन्याचा जाड थर बसतो. टाकीला आतून केव्हा भोक पडेल सांगता येत नाही. नवीन घ्या म्हणावं तर माणसाला वाटतं मिस्त्रीचं दुकानदाराशी साटंलोटं आहे. दुरुस्त करावा आणि महिन्याभरात टाकी गळली तर फोनवर शिव्या. म्हणजे निकाल काहीही दिला तरी चार दिवस झोप उडायचीच.

मीरा रोडला पूनम सागरमध्ये एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, तीनशे चारमध्ये, शिर्के काकी राहायच्या. माणगावकडच्या. मी पन्नाशीचा होतो तेव्हा त्या पासष्टीच्या असतील. नवरा बस कंडक्टर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या बाथरूममध्ये तांब्याच्या टाकीचा जुना पंधरा लिटरचा गीझर होता. लिफ्ट बसायच्या आधी काकांनी तो खांद्यावरून तीन मजले चढवून आणला होता. काकी हे प्रत्येक वेळी सांगायच्या आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचो. खरं म्हणजे त्या गीझरवर माझाही जीव होता. तांब्याचं काम आता कोण करतं? दोनदा कॉइल बदलली, एकदा टाकीचा सांधा डाख देऊन बुजवला, आणि तो पठ्ठ्या पाणी तापवतच राहिला. काकी सगळ्या बिल्डिंगला सांगायच्या, "आमचे भुवड मिस्त्री कधी विकायला बघत नाहीत." त्या एका वाक्यावर मला त्या बिल्डिंगमधली निम्मी कामं मिळाली.

त्यांच्या सुनेला मुलगी झाली त्या थंडीतली ही गोष्ट. सून स्नेहल, बँकेत कामाला, तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर. मुलगा दुबईला. बाळ दीड महिन्याचं. शनिवारी सकाळी काकींचा फोन आला, "मिस्त्री, पाणी तापत नाही. बाळाची अंघोळ खोळंबलीये."

गेलो. थर्मोस्टॅट गेला होता. त्या जुन्या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट आणि कटआऊट एकाच डबीत असायचे, म्हणजे दोन्ही पहारेकरी एकदम गेले. तसली डबी माझ्याकडे नव्हती. काशीमीऱ्याला एका स्पेअर पार्टवाल्याकडे मिळायची शक्यता होती, पण शनिवारी फोन केला तर तो म्हणाला, "माल सोमवारी सकाळी येणार."

स्नेहल दारातच उभी होती, बाळ खांद्यावर. ती म्हणाली, "काका, किती दिवस चालवायचं हे? मी आत्ता ऑनलाइन मागवते. परवापर्यंत येईल, लावून पण देतात."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग स्नेहलनेही पाहिलं. "तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल ते फायनल."

मी आजही तो क्षण उलटसुलट करून बघतो. माझं वय, माझा अनुभव, त्या गीझरचं वय, आणि घरात दीड महिन्याचं पोर. नवीन घ्या, एवढंच म्हणायचं होतं. किंवा सोमवारपर्यंत गॅसवर पातेलं ठेवा, एवढं तरी. दोन दिवसांचा प्रश्न. पण काकींनी ज्या विश्वासाने पाहिलं त्याने मी फुगलो. मी म्हणालो, "तांब्याची टाकी आहे. असा गीझर आता शोधून मिळणार नाही. अजून दहा वर्षं कुठे जात नाही तो. सोमवारी डबी बदलतो, आणि तोपर्यंत पाणी तापेल अशी सोय करून देतो."

सोय म्हणजे काय, ते धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. आम्ही त्याला "डायरेक्ट करणं" म्हणतो. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी काढायच्या, एकमेकींना जोडायच्या, टेप गुंडाळायची. गीझर चालू होतो. फक्त तो आता आपणहून बंद होत नाही, माणसाने बंद करायचा. सगळेच मिस्त्री करतात, एक-दोन दिवसांसाठी. मीही केलं होतं, अर्थात एकट्यादुकट्या शहाण्या माणसाच्या घरी. मी काकींना बजावलं, "पंधरा मिनिटं लावायचा आणि बंद करायचा. विसरायचं नाही." त्या म्हणाल्या, "नाही विसरत." का बंद करायचा ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्नेहलने त्याच क्षणी नवीन मागवला असता, आणि ते मला ठाऊक होतं.

मनाला मी समजावलं की व्हॉल्व्ह आहे ना. थर्मोस्टॅट नाही, कटआऊट नाही, पण व्हॉल्व्ह आहे. दाब वाढला तर तो सोडेल. निघताना मी त्याच्याकडे नजरही टाकली. नेहमी त्या तोंडाशी एक थेंब लटकलेला असायचा. त्या दिवशी ते कोरडं होतं, आणि भोवती पांढरा थर जमलेला. बोअरच्या पाण्याचा चुना, मला वाटलं. उलट बरंच वाटलं की चला, व्हॉल्व्हही गळायचा थांबला.

रविवारी मी तीन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. काय विचारणार? "बंद केला का?" असं विचारलं असतं तर स्नेहलला संशय आला असता. बायको म्हणाली, "आज कुठे जीव ठेवून आलात?" मी काहीतरी थाप मारली. भीती माझ्या ओळखीची होती, पण तिला पहिल्यांदाच मी तोंड दाबून बसवत होतो.

सोमवारी सकाळी साडेनऊला काशीमीऱ्याच्या दुकानात हजर. बाहेर ट्रकांची रांग, आत दुकानदार जिग्नेशभाई अगरबत्ती लावत होते. डबी आली होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली आणि सवयीने विचारलं, "भुवडभाई, जूना मॉडल छे ने, व्हॉल्व्ह पण देऊ काय? नवा लॉट आला आहे."

मी म्हणालो, "नको. व्हॉल्व्ह एकदम सुका आहे. एक थेंब नाही."

आणि माझंच वाक्य मला ऐकू आलं.

तापणाऱ्या गीझरचा व्हॉल्व्ह सुका नसतो. वर्षानुवर्षं तो व्हॉल्व्ह ठिबकत होता, मीच सांगत होतो की तो श्वास घेतोय. मग आता तो का थांबला? आणि तो पांढरा थर चुन्याचा होता की आणखी कशाचा? मी जिग्नेशभाईंना म्हणालो, "पैसे नंतर," आणि डबी खिशात टाकून स्कूटरकडे धावलो. धावताना काकींना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. स्नेहलचा नंबर माझ्याकडे नव्हता. पावणेदहा झाले होते, आणि साडेनऊ ते दहाच्या दरम्यान बाळाला अंघोळ घालणारी हिराबाई यायची.

ती अंघोळ कशी असते ते घरोघरच्या बायकांना माहीत आहे. बाई मोरीत पाटावर बसते, पाय लांब सोडते, पायांवर बाळ पालथं घालते आणि कढत पाण्याचे तांबे ओतते. काकींच्या बाथरूममध्ये पाट ठेवायला जागा एकच होती, बरोबर गीझरच्या खाली.

काशीमीरा ते पूनम सागर मी कसा गेलो ते सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की एका सिग्नलला मी मोठ्याने बोलत होतो आणि शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत होता. मी म्हणत होतो, पंधरा मिनिटं, फक्त पंधरा मिनिटं लावला असू दे.

बिल्डिंगखाली आलो तेव्हा लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली. जिना चढेपर्यंतसुद्धा मला धीर नव्हता. तळमजल्यावर मीटरची खोली होती, तिला कुलूप. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री, सेक्रेटरी को पूछना पडेगा."

"बाद में पूछ. पहले खोल."

माझा चेहरा बघून त्याने उघडली. मीटरवरचे आकडे पुसट झाले होते. तीनशे एक, दोन, मग एक कोरं, मग चार. मी स्विच खाली ओढला आणि जिन्याकडे पळालो. तेव्हा गुडघे अजून साथ देत होते.

काकींनीच दार उघडलं. "बरं झालं आलात. आत्ताच लाइट गेली बघा."

"गीझर किती वेळ चालू होता?"

"लावला होता सव्वानऊला. हिराबाईला यायला उशीर झाला, मग म्हटलं पाणी गार नको व्हायला, राहू दे चालू." मग माझ्याकडे बघून त्या थांबल्या. "काय झालं?"

मी चपला न काढता आत गेलो. बाथरूमचं दार उघडं होतं. हिराबाई पाटावर बसली होती, जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली, पाय पसरलेले, पायांवर तेलाने चमकणारं ते एवढंसं पोर. तिचा डावा हात बाळाच्या पाठीवर होता आणि उजवा गरम पाण्याच्या नळावर. वर टाकीतून घुमल्यासारखे ठोके येत होते. पाऊण तासाच्या वर वेळ गेला होता. आतलं पाणी उकळीच्या पुढे गेलं होतं, आणि तिने नळ सोडला असता तर पाण्याआधी वाफ आली असती.

"हिराबाई, नळाला हात लावू नको. बाळाला घेऊन बाहेर ये."

"काय झाला? पोरीला तेल लावलाय, थंड पडंल ती. अजून पानी घातला न्हाय मी."

"हळू ऊठ. नळ नको. ये."

ती उठली. म्हातारी बाई, तेलाचे हात, ओल्या फरशीवर उघडं पोर धरून. ती तीन पावलं बाहेर येईपर्यंत मी हात पुढे करून उभा राहिलो. मग बाथरूमचं दार ओढून घेतलं आणि सगळ्यांना पुढच्या खोलीत पाठवलं. स्नेहल आतून झोपेतून उठून आली. "काका, काय चाललंय?"

"दाब वाढलाय. गार होईपर्यंत कोणी तिकडे जायचं नाही."

आम्ही बसून राहिलो. करण्यासारखं काही नव्हतं. वीज तोडली होती, टाकी फुटायची तर फुटेल, नाहीतर हळूहळू निवेल. मी पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि ठोके मोजत होतो. बाळ भुकेने रडायला लागलं. स्नेहल त्याला घेऊन आत गेली. काकी एकसारख्या विचारत होत्या, "काही होणार नाही ना, मिस्त्री?" आणि मी एकदाही त्यांना तसा भरवसा दिला नाही, कारण मला माहीत नव्हतं. अर्ध्या-पाऊण तासाने ठोक्यांमधलं अंतर वाढलं. मग ते थांबले. तरी मी आणखी तासभर थांबलो. मग जाड फडकं हाताला गुंडाळून, तोंड बाजूला करून नळ थोडासा पिळला. वाफेचा एक फूत्कार आला आणि मागून पाणी.

स्टुलावर चढून मी व्हॉल्व्ह बघितला. पांढरा थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला. चुना नव्हता, पुट्टी होती. पुट्टीच्या आत लाल-काळ्या रेघांच्या पेन्सिलचा तुकडा घट्ट ठोकलेला.

मी तो काढून टीपॉयवर ठेवला. काकींनी लगेच ओळखला. "मीच ठोकला होता," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात. बाळाच्या अंगावर गरम थेंब पडायचे हो. हिराबाईच्या मानेवर पडायचे. म्हटलं बंद करून टाकू. कॅलेंडरला बांधलेली पेन्सिल तोडून लावली, वर रंगवाल्याची उरलेली पुट्टी फासली."

त्यांनी पूर्ण विचार करून, बाळाच्या काळजीने ते केलं होतं. आणि मी इतकी वर्षं त्या व्हॉल्व्हला हातभर नळी लावून थेंब मोरीच्या कोपऱ्यात सोडायला हवे होते. दहा मिनिटांचं काम. श्वास घेतोय म्हणून मोठ्या ऐटीत सांगत राहिलो, पण नळी लावली नाही.

"म्हणजे माझ्यामुळे," काकी म्हणाल्या. "माझ्या हाताने मी पोरीला..." आणि त्यांना पुढे बोलवेना. पदराने तोंड दाबून त्या रडायला लागल्या. स्नेहल बाळाला घेऊन दारात आली होती. तिने सासूकडे पाहिलं. ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्या घरात पुढे वर्षानुवर्षं राहिली असती.

आता लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. त्या वेळी मी गप्प बसलो. नवी डबी माझ्या खिशात होती. झाकण उघडून वायरी सोडवायला, डबी बसवायला मला वीस मिनिटं लागली असती, आणि शनिवारी मी काय केलं होतं ते जगात कोणालाही कधी कळलं नसतं. सगळा दोष त्या पेन्सिलच्या तुकड्यावर आणि काकींवर राहिला असता. मी वाचवणारा ठरलो असतो. हिराबाई तर म्हणतच होती, "देवासारका आला बाबा तू." किती वेळ गप्प होतो सांगता येत नाही. काकींनी दोनदा डोळे पुसले, एवढा वेळ नक्की.

मग म्हणालो, "काकी, तुमची एकटीची चूक नाही. नुसत्या पेन्सिलने काही झालं नसतं. मी शनिवारी गीझर डायरेक्ट करून गेलो होतो." आणि डायरेक्ट म्हणजे काय ते सगळं सांगितलं. दोन्ही पहारेकरी मी काढले होते, तिसऱ्याचं तोंड बंद आहे हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही.

स्नेहलने विचारलं, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नवीन मागवला असता."

"हो. मागवला असता."

"म्हणून."

काकींनी रडणं थांबवलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्या घरात इतकी वर्षं येत असून त्या मला पहिल्यांदाच नीट बघत आहेत असं वाटलं. मी म्हणालो, "हा गीझर काढून टाका. याच्यावर आता भरवसा नाही. टाकीने किती ताण सोसलाय कोण सांगणार. नवीन घ्या. मी आज संध्याकाळीच लावून देतो, नळी घालून, सगळं नीट."

काकी उठल्या. नातीला स्नेहलच्या हातातून घेतलं, तिचं तेलकट डोकं आपल्या खांद्याला टेकवलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

"नवीन घेऊ," त्या म्हणाल्या. "पण लावायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवा."

मी बरं म्हणालो. जुना गीझर पाणी काढून भिंतीवरून उतरवला, तेवढं त्यांनी करू दिलं. ओळखीच्या एका चांगल्या मिस्त्रीचा नंबर कागदावर लिहून टीपॉयवर ठेवला. त्यानंतर मी कुठल्याही घरी डायरेक्ट केलं नाही. लोक चिडायचे, दुसरीकडे जायचे. जाऊ देत म्हणायचो. आणि व्हॉल्व्हला नळी लावल्याशिवाय एकाही घरातून बाहेर पडलो नाही.

त्या बिल्डिंगमधली कामं आता बंद होणार, हे मी धरून चाललो होतो. वर्षभर फोन आलाही नाही. मग एक दिवस चारशे चारमधून आला. घर माझ्यासाठी नवीन होतं, तिथे राहायला आलेल्या बाई मला ओळखत नव्हत्या. कॉइल बदलता बदलता मी विचारलं, "माझा नंबर कुणी दिला?"

"खालच्या शिर्के काकींनी. म्हणाल्या, त्यांना बोलवा, ते खरं काय ते सांगतात."

मी खाली न बघता स्क्रू घट्ट करत राहिलो. मग विचारलं, "त्यांच्याकडे सगळं ठीक ना? गीझर वगैरे?"

"हो, परवाच सर्व्हिसिंग झालं की," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे दुसरे कोणीतरी येतात."